सातव्या भागातला दुसरा गडी

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. व्हेल्गार गेमचा सातवा भाग आला एकदाचा. सकाळपासून डाउनलोड चाललाय, थेरगावातलं आमचं नेट म्हणजे आनंदीआनंद. रेश्मा म्हणाली, "छत्तीस वर्षांचे झालात, अजून तलवारीच." बायकोच ती, बोलणारच.

दुपारी बाळूचा फोन. "आला का रं? पुढच्या गुरुवारी येतो बघायला."

बघायला. आठवीपासून हा माणूस 'खेळायला येतो' म्हणत आलाय. सप्टेंबरात आमच्या कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. रिमोट धरणार कशानं.

मग टीव्हीकडे बघवेना. बंद केला.

८ नोव्हें., शनि.

फर्स्ट शिफ्ट. कंपनीच्या बसमध्ये चाकणपर्यंत डोळे मिटून बसलो, झोप कसली येतेय. पहिला भाग आठवत राहिला. चिंचवड स्टेशनाजवळचं गेम पार्लर, फाटक्या खुर्च्या, सहा जणांत एक पंखा. गोष्ट-बिष्ट काही नाही गेममध्ये. मी लाल गडी, बाळू निळा, उजवीकडे पळायचं आणि दिसेल त्याला कापायचं. दोनच बटणं, उडी आणि तलवार. पुलावर तलवार सारखी चालवावी लागायची, बोट दुखून यायचं. मी वहीच्या पुठ्ठ्याची घडी करून बटणाच्या फटीत खोचली. बटण दाबलेलंच राहिलं. तलवार आपली फिरतेय आणि माझा हात वडापाव खायला मोकळा. बाळू हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी. "दत्त्या, तू इंजिनेर व्हणार बघ!"

झालो की. इंजिनिअर नाही, सेटर, मशिनी लावून देणारा.

१० नोव्हें.

कंपनीची नोटीस. २१ तारखेला चौकशी, साक्षीला मी.

कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहितो. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, डायचा साचा खाली आदळतो. म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर. बाळूच्या प्रेसचं उजवं बटण प्लास्टिकचा तुकडा खोचून दाबून ठेवलेलं सापडलं. डाव्या हातानं स्ट्रोक द्यायचा, उजव्यानं माल काढायचा, काम निम्म्या वेळात. बाळूनं स्वतःच लेखी दिलंय, 'मीच खोचला' म्हणून.

खोचला त्यानंच. शिकवलं मी. त्याच्या लाइनचा सेटर मी. तो टारगेटला मागं पडत होता, साहेब माझ्या बोकांडी बसलेले. म्हटलं, "बाळ्या, पार्लरमधला पुठ्ठा विसरलास काय?" पुढचं सांगावंच लागलं नाही. कित्येक महिने बिनघोर चाललं. टारगेट वाढलं, माझी पाठ थोपटली.

त्याचा निष्काळजीपणा ठरला तर तो घरी. सेटरनं शिकवलं असं निघालं तर त्याला स्टोअरला हलकं काम मिळेल आणि मी घरी. एवढं साधं आहे.

१३ नोव्हें., गुरु.

बाळू आला. पुनावळ्याहून रिक्षानं, गाडी चालवता येत नाही आता. हाताला रुमाल गुंडाळलेला. रेश्मानं पोहे दिले, चमचा डाव्या हातात, दोनदा सांडले. रेश्मा आत निघून गेली.

मी खेळलो, तो बघत बसला. बसतोय कसला. "डावीकडं! डावीकडं म्हणलं ना! आरं मेलास की येड्या!" तासभर बरं गेलं. मग गप्पा, कुठला भाग कधीचा. दुसरा नुसताच रंगीत. तिसऱ्यात घोडा आणि गोष्ट आली, बाळू शेवटाला रडला होता, नाकारतो अजून. चौथा निघाला तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं. सगळं जगच मोकळं केलेलं, कुठंही जा, आणि आम्हाला तीन दिवस वेशीचा दरवाजाच सापडेना. त्यातच दुसरा गडी काढून टाकला. एकट्यानं खेळायचं. आम्ही एका रिमोटवर आळीपाळीनं खेळायचो. पाचव्यात लाल गडी भाषणंच ठोकत बसतो. सहाव्यात सगळं नेटवर, तलवारसुद्धा विकत घ्या. बाळूनं शिव्या घालून सोडला होता.

सातव्यात दुसरा गडी परत आणलाय. तसाच निळा.

बाळू स्क्रीनकडे बघत म्हणाला, "आत्ता आणला व्हय. आत्ता."

मला पाणी प्यायचं निमित्त करून उठावं लागलं.

१४ नोव्हें.

सेटिंग चाळत होतो. एक पान सापडलं, एका हातानं खेळण्याचं. सगळी बटणं एका बाजूला घेता येतात. आणि खाली एक ओळ, तलवारीचं बटण धरून ठेवायची गरज नाही, एकदा दाबलं की चालू राहील.

पुठ्ठाच की तो. त्यांनी गेममध्ये दिला आणि मी प्रेसवर. जेवलो नाही.

१७ नोव्हें.

बटणांवर नवी झाकणं बसवलीत, आता काही खोचता येत नाही. सेफ्टीचं भाषण, मग चहा. त्यानंतर अर्ध्या तासात साहेब, "दत्ता, आकडा का पडलाय?" त्यांना माहीत नव्हतं म्हणे, एवढे महिने माल एवढा भराभर कसा निघत होता ते. नवीन ऑपरेटरनं विचारलं, "भाऊ, पटकन व्हायला काही आयडिया?" त्याच्यावर एवढा ओरडलो की लाइन थांबली.

१९ नोव्हें.

रेश्माला सांगून टाकलं. भाजी निवडत होती. हात थांबले, परत चालू झाले. मग म्हणाली, "मला विचारू नका. विचारलंत तर मी गप्प बसा म्हणेन, आणि मग जन्मभर माझ्यावर ढकलाल."

खरंय. ढकललं असतं.

२० नोव्हें., गुरु.

बाळू खेळला! डाव्या हातानं, रिमोट मांडीत दाबून. सेटिंग मी आधीच करून ठेवलं होतं. ती तलवार आपोआप फिरायची ओळ त्याला दाखवली नाही, पण पठ्ठ्यानं शोधलीच. माझ्याकडे बघून हसला. पंधरा-वीस वेळा मेला. तोंडावर आठवीतलं हसू.

मी हिंमत केली. "बाळू, उद्या मी खरं सांगून टाकतो."

"गप ए." डोळे स्क्रीनवरच. या गेममध्ये पहिल्यापासून एक नियम आहे, दोघं मेले तर डाव संपला, एक जगला तर पुढच्या वेशीत दुसऱ्याला उठवता येतं. तेच बोट करून दाखवलं त्यानं. "दोघांनी मरून काय उपयोग? तू ऱ्हा जिता. मी उठंन कवातरी."

दोन महिने जिवंत आहे मी. कुठं उठवलंय त्याला?

२१ नोव्हें.

चौकशी झाली. एसी खोली, तीन जण. "सेटर या नात्यानं तुम्हाला याची कल्पना होती का?"

नाही म्हणालो.

"तुम्ही कधी असं करायला सांगितलं होतं का?"

नाही म्हणालो.

पाच मिनिटं लागली नाहीत. सही केली. बिस्किटं होती समोर, त्यातलं एक खाल्लंसुद्धा मी. हे का लिहितोय कुणास ठाऊक, पण खाल्लं.

२४ नोव्हें.

बाळूची बायको, मंगलवहिनी, आली होती. हातात डबा, वाटाण्याची उसळ, शेतातला वाटाणा. उरलेल्या दोन गुंठ्यांतला. "भावजी, तुमी साक्षीला व्हता म्हणून धीर हाय बघा. हे म्हनले, दत्ता हाय ना, काय काळजी करू नगं."

रेश्मानं डबा घेतला. मी शिफ्टच्या बुटांच्या नाड्या बांधत बसलो, सोडल्या, परत बांधल्या. उसळ कुणीच खाल्ली नाही. थू आहे माझ्यावर.

२६ नोव्हें.

ऑर्डर निघाली. स्वतःचा निष्काळजीपणा. बाळूची नोकरी गेली. खाली बारीक अक्षरात, हरकत असल्यास ८ डिसेंबरपर्यंत.

२७ नोव्हें., गुरु.

आला नाही. फोन बंद. टीव्ही लावला, गेम विचारतो, दुसरा गडी येईपर्यंत थांबायचं का? थांबलो. चहा निवला. बंद केला.

३० नोव्हें., रवि.

फर्स्ट शिफ्ट संपवून बसमधून उतरलो, गाडी काढली आणि सरळ पुनावळ्याला. घरासमोर बसला होता, समोरच्या टॉवरचं काम बघत. तिथं पूर्वी त्यांचा ऊस असायचा. मला बघून सरकला, बाजूला जागा केली. ती जागा केली तेच जास्त लागलं.

"न्हाई म्हणलास व्हय तू?"

"तूच म्हणालास ना गप्प बस म्हणून."

"व्हय. म्हणलो व्हतो मी." वर क्रेन फिरत होती. "पर तू ऐकशील असं वाटलं न्हवतं रं."

ओरडला असता, थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. आवाजसुद्धा चढवला नाही. मंगलवहिनी दारात आल्या, मला बघून आत गेल्या. म्हणजे कळलंय त्यांना. चहा आला नाही. त्या घरात चहा न घेता उठलो असं आजवर झालं नव्हतं.

वाकडला सिग्नलवर गाडी उभी केली आणि रडलो. हेल्मेट होतं, बरं.

२ डिसें.

साहेबांच्या केबिनबाहेर दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते, तरी परत फिरलो.

४ डिसेंबर, गुरुवार

वाटलंच नव्हतं, पण बाळू आला. "चालू कर," एवढंच. तासभर खेळलो. डावा हात बसलाय त्याचा, मला दोनदा वाचवलं त्यानं. एकही शिवी नाही. शिव्या न देणारा बाळू माझ्या ओळखीचा नाही.

मग मी त्याला विचारलं नाही, सांगितलं. "उद्या साहेबांना लेखी देणार आहे. मी शिकवलं म्हणून. मुदत आहे अजून."

तो खेळतच राहिला. "पोरगी कितवीला तुझी?"

"तिसरी."

"हं."

वेस आली, बाळूनं रिमोट खाली ठेवला. पुढं गेला नाही. उठला. स्वयंपाकघरात रेश्माची भांडी थांबलेली, तिनं ऐकलं सगळं. दारात बाळू एका हातानं बुटात पाय घालत होता, मी मदतीला वाकलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, जमतं आता." जमलं नाही लवकर. मी उभा राहिलो तसाच.

जिना उतरताना मधेच थांबला. वर न बघता विचारलं, "तुमची बस डांगे चौकातनं किती वाजता सुटती?"

"पहाटे पाच वीसला."

"बरं."

गेला. मला थांबवायला येतोय की माझ्यासोबत यायला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.