काका शेवटी काय म्हणाले

देवळाली प्रवरा
६ जानेवारी २०२५

चि. आराधनास,
काकूचा सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

शिबिरात तुमचे मोबाईल काढून घेतात हे बरंच झालं, त्या निमित्ताने माझं अक्षर तरी वाचतेस. तुझी आई सांगत होती, शर्यतीच्या सकाळी तुला उलट्या होतात, हात गार पडतात. मी वाचनालयातून ॲक्युपंक्चरचं पुस्तक आणून वाचलं. खेळाडूंची धास्ती त्याने उतरते असं त्यात लिहिलंय. पुस्तकातलं सगळंच खरं मानू नये, पण नगरला सावेडीत एक शिकलेल्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे जा. सुया केसासारख्या बारीक असतात. लहानपणी इंजेक्शनला सायमनदादाच्या मागे लपायचीस, तशी लपू नकोस.

काकांचं स्टॉपवॉच जवळ ठेव. इतकी वर्षं शाळेत खेळ शिकवले, पण आठशे मीटरला त्यांनी घडवलेली तू एकटीच. जाताना ते काय म्हणाले ते विसरू नकोस: आराधना राज्यात पहिली येईल.

माया आहेच, ती तुझ्याकडूनही असू दे.
साराकाकू

अहिल्यानगर
१३ जानेवारी

ती. काकूस,
सादर सलाम.

डॉक्टरबाईंकडे तीनदा जाऊन आले. मनगटाच्या आतल्या बाजूला, कानाला आणि दोन भुवयांच्या मध्ये सुया लावतात. मुंगी चावल्यासारखं होतं, मग अंग जड होतं. पहिल्या दिवशी मी चक्क घोरले, असं सोबत आलेली निकिता सांगते. ती भाला छान फेकते आणि थापा त्याहून छान मारते.

तिसऱ्या वेळी मात्र वेगळंच झालं. सुया लावलेल्या, नाडी शांत. बाईंनी विचारलं, शर्यतीआधी डोक्यात नेमकं काय येतं? मी काकांचे शेवटचे शब्द सांगितले आणि सांगता सांगताच नाडी धावू लागली. बाई म्हणाल्या, सुईने शरीराला विसावा मिळेल, पण हे ओझं सुईने निघायचं नाही.

काकू, हरायची मला भीती नाही. मी हरले तर काका खोटे ठरतील, याची आहे. राज्याची शर्यत २२ तारखेला आहे. हे लिहिलं म्हणून रागावू नकोस.

तुझी लाडकी,
आराधना

देवळाली प्रवरा
१७ जानेवारी

चि. आराधनास,
सलाम.

तुझं पत्र मिळालं. काका तसं काही म्हणाले नव्हते.

त्या संध्याकाळी ते खाटेवर होते, श्वास तुटत होता. मला म्हणाले, "कोंबड्या डालल्या का?" मी हो म्हटलं. डालल्या नव्हत्या, डालग्याखाली न घेता अंगणात मोकळ्याच होत्या. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

पुस्तकातली माणसं जाताना काहीतरी मोठं बोलून जातात. आपला माणूस कोंबड्यांवर संपला, हे मला सोसेना. दफनविधीहून आल्यावर तू म्हणालीस, आता धावणार नाही. तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडून निघालं. तू डोळे पुसून उठलीस. मग दर शर्यतीला मी तेच पाठवत राहिले. तू धावलीस की ते अजून मैदानावर उभे आहेत असं मला वाटायचं. म्हणजे धास्ती मीच घालायची, आणि काढायला डॉक्टरबाईंकडे धाडायचं.

त्यांनी तुझ्याकडून काही मागितलेलं नाही. मी मागितलं, त्यांच्या नावावर. जमलं तर माफ कर.

साराकाकू

अहिल्यानगर
२३ जानेवारी

ती. काकूस,
सलाम.

चौथी आले. हात गारच होते, पण उलटी झाली नाही. आदल्या दिवशी सुया लावून घेतल्या होत्या. रेषेवर उभी राहिले आणि एकदम कोंबड्या आठवल्या, हसूच आलं. काकांच्या स्टॉपवॉचवर निकिताने वेळ घेतली: दोन मिनिटं अठरा. माझी आजवरची सगळ्यात चांगली.

राग आहे. तो घरी येऊन काढीन. तोवर एकच सांग, त्या दिवशी कोंबड्यांचं काय झालं?

आराधना

देवळाली प्रवरा
२७ जानेवारी

चि. आराधनास,

दोन मुंगसाने नेल्या. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी ये. संध्याकाळी दोघी मिळून डालू.

काकू