दारावरून मुकी गेलेली ढोलकी

प्रिय अण्णा,

सलाम. तुम्ही घातलेला एक नियम काल संध्याकाळी मी मोडला. दाविदकाकांसमोर, सगळ्या वस्तीसमोर, ओरडून मोडला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून आज नाताळच्या दिवशी लिहायला बसले आहे. आता तुम्हाला कळवणार तरी कोण म्हणा! पण सवय जाते कुठे? शाळेत नोकरी लागून घर सोडल्यापासून दर आठवड्याला तुम्हाला पत्र लिहीत आले. 'एस्तू, अक्षर मोठं काढ गं, मला जुळवून वाचावं लागतं,' असं तुम्ही म्हणायचा, म्हणून आजही मोठंच काढते आहे.

आधी आईचं सांगते. दिवाळीच्या आधी काविळीनं तुम्हाला नेलं. तुम्हाला मातीत ठेवून आलो आणि आई भिंतीला टेकून बसली, ती बसलीच. बरोबर ढोलकीच्या खुंटीखाली. रडणं नाही, बोलणं नाही. मी रजा काढून परतूरलाच राहिले. पुढ्यात भाकरी ठेवली की एक तुकडा मोडायची, बोटांत चुरायची आणि परत ताटात ठेवून द्यायची. तुमचं लुगडं-चोळीचं भांडण व्हायचं ना, 'हिला सगळं सैलच लागतं' म्हणून? आता तिला काहीही सैलच होतंय, अण्णा. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

जालन्याच्या दवाखान्यात नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, त्यांना जगायचंच नाही. पण जगावंसं वाटायचं औषध कुठं मिळतं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. येताना गाडीत ती खिडकीतून रूळ बघत होती. ज्या रुळांवर तुम्ही आयुष्यभर रेल्वेच्या गँगमध्ये घण मारला, ते रूळ. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. मला कसली भीती वाटत होती, ते तुम्हाला लिहवत नाही.

एकटेच का नाही गेलात हो? तिला अर्धी का घेऊन गेलात? रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी तिची छाती हलतेय का ते बघायचे. मंग चूल पेटवायचे. बघा, लिहिता लिहिता मीही 'मंग' लिहिलं! शाळेत पोरांना 'मग' म्हणा म्हणून दटावते आणि घरी आले की तुमचीच पोर होते.

आणि जायला वर्ष तरी कसलं निवडलंत! विहिरींचा तळ दिसतोय. अर्धी वस्ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. रेशनवर मिळणाऱ्या सरकारी लाल मिलो ज्वारीची भाकरी थापायला गेलं की तुटते आणि खायला गेलं की घशात फिरते. अशा दिवसांत माणसाला धीर द्यायला तुम्ही लागत होता. तेव्हाच तुम्ही नाहीत.

मी प्रार्थना सोडली होती. तुम्हाला वाईट वाटेल, पण तुमच्यापाशी लपवून काय करू? 'हे स्वर्गातल्या बापा' एवढं म्हटलं की पुढचं फुटायचं नाही. माझा बाप मातीत, आई त्याच वाटेवर, आणि हा वरून नुसता बघत बसलाय, असं वाटायचं. नाताळच्या आधीच्या रविवारी जालन्याहून पाळकसाहेब आले होते. त्यांनी आनंदावर प्रवचन केलं. आनंद करा, म्हणाले. कसला आनंद? कुठून आणू? उठून जावंसं वाटलं मला. तुम्हीच शिकवलं होतं, आशीर्वादाआधी उठू नये, म्हणून दात आवळून बसले.

घरात सण करायचा नाही, हे ठरलेलंच होतं. शेजारच्या गयाकाकू येऊन म्हणाल्या, "अवंदा काई करू नको पोरी. आमच्यात बी दुखवट्यात वर्षभर सण करत न्हाईत." आपल्या मंडळीतही तसंच आहे. करंज्या नाहीत, दारावर चांदणी नाही. तुम्ही कामट्या तासायचा, मी खळ लावायची आणि आई पतंगाचा कागद उलटा चिकटवून शिव्या खायची. गेल्या वर्षीच्या चांदणीचा सांगाडा माळ्यावर तसाच आहे. मी तिकडे बघितलंही नाही.

चार दिवसांमागं दाविदकाका आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, टोपी हातात घेऊन. तुमच्यामागं नाताळच्या गाणाऱ्यांची फेरी आता त्यांच्याकडे आली आहे. "वैनी, फेरीला अण्णाची ढोलकी नेऊ का? न्हाई म्हणलात तं बिलकुल राग न्हाई," म्हणाले. आईनं नुसती मान डोलावली. त्यांनी खुंटीवरून ढोलकी काढली आणि पोराला उचलावं तशी छातीशी धरून नेली. मागं उरलेल्या रिकाम्या खुंटीकडे आई दिवेलागण होईपर्यंत बघत होती.

आता तुमच्या नियमाचं. फेरी निघायची, तुमची ढोलकी पुढं, मागं सगळे गात. दारोदार थांबायचं, गाणं म्हणायचं, घरच्यांनी हातावर गूळ ठेवायचा, मग पुढचं दार. पण ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलंय, त्याच्या अलीकडेच तुम्ही ढोलकीवर पंजा ठेवायचा. गाणं बंद. त्या दाराशी टोप्या काढून घटकाभर उभं राहायचं, मनात प्रार्थना करायची आणि पाय न वाजवता पुढं जायचं. चार घरं मागं पडली की पुन्हा ढोलकी. दुःखावर मीठ चोळू नये, म्हणून तुम्ही हे घालून दिलं. किती जणांनी तुमचं कौतुक केलं होतं! मलाही अभिमान वाटायचा.

लहानपणी मी कंदील धरून तुमच्यापुढं चालायचे. सुभद्रामावशीचा नवरा गेला त्या वर्षीची फेरी आठवते? आपण तिच्या दाराशी गप्प उभे होतो आणि माझ्या कंदिलाच्या उजेडात दाराच्या फटीतून एक डोळा दिसला. मी तुमचा सदरा ओढला. "अण्णा, मावशी बघून राह्यली." तुम्ही म्हणालात, "चल, दुखवट्याचं घर हाये." आणि आपण गेलो. तो डोळा काय बघत होता, हे मला काल कळलं.

काल दिवेलागणीला मी आईशेजारी बसले होते. दूरवर ढोलकी वाजली. अण्णा, दाविदकाकांचा हात तुमच्यासारखा नाही, पण चामडं तुमचं! आवाज ओळखू आला. वस्तीच्या त्या टोकापासून एकेक दार करत तो जवळ येत होता. मी सहज आईकडे पाहिलं, तर तिची बोटं गुडघ्यावर हलत होती! इतक्या दिवसांत तिच्या अंगात आपणहून हललेली ती पहिली गोष्ट. ढोलकी जवळ येत गेली, तशी बोटं ताल धरायला लागली.

आणि ढोलकी थांबली.

दाराबाहेर पायांची सळसळ झाली. कुणीतरी खोकलं. आईची बोटं गुडघ्यापासून वर उचललेली तशीच राहिली होती. ती दाराकडे बघत होती, कुणी तरी हाक मारेल म्हणून. मग सळसळ पुढं गेली आणि चार घरं सोडून गाणं पुन्हा सुरू झालं. तुमचीच ढोलकी, तुमच्याच दारावरून मुकी गेली.

"गेले?" आई म्हणाली.

तिचा आवाज मी विसरले होते, अण्णा. मी म्हटलं, "दुखवटा हाये ना आई. अण्णांचाच नियम हाये."

"दुखवटा त्यांचा," ती म्हणाली. "मंग मी बी मेले का? मी तं हाये ना इथं!"

त्यानंतर मी काय केलं, ते मला धड आठवत नाही. अनवाणी धावत सुटले. दाविदकाकांच्या पुढं जाऊन वाट अडवली आणि ओरडले, "परत फिरा! आमच्या घरी गायचं न्हाई का?" काका हळूच म्हणाले, "पोरी, असं काय करून राह्यली? अण्णाचाच नियम हाये तो."

"अण्णा काय आत बसले होते का कधी दुखवट्याच्या घरात?" मी म्हटलं. "आई बसलीये आत. ती वाट बघून राह्यली. जल्दी चला!"

रागावलात का? रागवा. पण खरं सांगा, त्या घरांच्या आत काय होतं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं होतं? तुम्ही इतके मायाळू, आणि तरी असं कसं झालं? ज्यांना त्या गाण्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच दाराशी आपण ते गिळत आलो. आणि हे सगळं आदर म्हणून!

ते आले. दारात अर्धगोल करून उभे राहिले. पण काकांचा हात उठेना. ढोलकीवर बोटं ठेवली आणि घळाघळा रडायला लागले. बाकीचे खाली बघत उभे. मला वाटलं, संपलं. आता ही शांतता तिला पुरती गिळणार.

तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. आई चौकट धरून उभी होती. आणि तिनंच गाणं उचललं, तुमचं आवडतं, गोठ्यात जन्मलेल्या बाळाचं. ते तुम्ही तिला कधी पुरं म्हणू दिलं नाहीत. 'हिचा सूर माहेरी हसनाबादलाच राह्यला, इकडं आलाच न्हाई,' म्हणून चिडवायचा. अण्णा, कालही तो तिकडेच होता! पण तिनं एक ओळ म्हटली, दुसरी म्हटली, तिसरीला तिचा बांध फुटला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मग कुठं काकांनी थाप मारली आणि सगळे गायले. मीही गायले. रडत गायले, पण गायले.

गाणं संपलं आणि हातावर ठेवायला घरात फारसं काही नव्हतं. आईनं डब्यातला गुळाचा खडा काढला, वरवंट्यानं फोडला आणि ज्याच्या त्याच्या हातावर चिमूटभर ठेवला. शेवटी काका म्हणाले, "वैनी, आता तुमी बी घ्या." आणि त्यांनी तिच्या हातावर ठेवला. तिनं चुरला नाही. तोंडात टाकला.

हा आनंद म्हणायचा का, मला ठाऊक नाही. माझ्या मनात तुमच्यासाठी आजही आग आहे. दुष्काळ तिथंच आहे, खुंटी रिकामीच आहे. आज सकाळी आई परत तिच्याखाली जाऊन बसली. पण अर्धी भाकरी खाऊन बसली होती. काल रडताना मला एक वाटलं, तो प्रभू तरी कुठं सजवलेलं घर शोधून आला होता? थंडीत, गोठ्यात, जागा नाही म्हणून घालवून दिलेल्यांच्या पोटी आला. मग दुखवट्याच्या घरी येताना तो उंबऱ्याबाहेर गप्प कशाला उभा राहील? आज चर्चमध्ये मी 'हे स्वर्गातल्या बापा' म्हटलं आणि पुढचंही म्हटलं. आवाज फुटत होता, पण शेवटपर्यंत म्हटलं.

हे लिहीत असताना आई विचारतेय, "त्यांना लिहून राह्यली का?" हो म्हटलं. तर म्हणाली, "लिही मंग. सूर न्हाई लागला म्हणावं, पर म्या सबंध म्हणलं."

दाविदकाकांशी बोलणं झालंय. अण्णा, मी तुम्हाला शब्द देते. पुढच्या नाताळात फेरी निघेल ती सगळ्यात आधी, वर्षभरात ज्या घरातून माणूस गेलंय, त्या दारी जाईल. कंदील घेऊन मी पुढं असेन आणि ढोलकीवर कुणीही पंजा ठेवणार नाही. दार उघडलं नाही, तरी आम्ही फटीतल्या डोळ्यासाठी गाऊ. आणि पहिली ओळ आई उचलेल, बेसूर.

तुमची,
एस्तू
परतूर, नाताळचा दिवस