जमीन भाड्याची, दगड आमचा

४ मे, रविवार. सकाळी सहा.
उठायचं ठरवलं होतं पाचला. पण सहा हीसुद्धा सकाळच.

काल नोकरीच्या फॉर्मवर एक रकाना होता: घर स्वतःचे की भाड्याचे? बाकीच्या मुलींनी पटकन टिक मारली. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, मला असं बेजबाबदार वागून चालणार नाही. समासात लिहिलं: फ्लॅट बाबांचा, खालची जमीन सरकारी महामंडळाची, साठ वर्षांच्या लीजवर, त्यातली निम्म्याहून जास्त संपली, पुढचं सांगता येत नाही. फॉर्म घेणाऱ्या मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. छाप पडली असावी.

मग डोक्यात चक्रच सुरू झालं. नवीन पनवेलात आमची बिल्डिंग आहे तिथे पूर्वी दाजींचं भातशेत होतं. दाजी म्हणजे आईचे वडील. सगळं सुकापूर गाव त्यांना दाजी म्हणतं, म्हणून आम्हीही. सरकारने शेत घेतलं, शहर वसवलं, आणि बाबांनी नेमका त्याच जागेवर फ्लॅट घेतला. म्हणजे आम्ही आमच्याच शेतात भाडेकरू!

संकल्प: सोसायटीची जमीन फ्रीहोल्ड करून घेणे. कायमची, मालकीची. पावसाच्या आत.

५ मे
दाजी आले. तोंड एवढंसं. पार्किंगमध्ये मीटररूमशेजारी एक शेंदूर लावलेला दगड आहे, तो त्यांच्या शेताचा राखणदार. पेरणीआधी त्याला राखण द्यायची, म्हणजे कोंबडा, नारळ, तांदळाच्या भाकऱ्या. शेत गेलं तरी दाजी दरवर्षी पहाटे येऊन गुपचूप नारळ फोडून जातात. आता आमचे चेअरमन खलीलचाचा पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवणार आहेत. दगड त्यांच्या गाडीच्या चाकाला लागतो, म्हणून तो निघणार.

दाजी म्हणाले, पोरी, तू शिकलीस, तूच सांग त्यांना. याला मी आता कुठं नेऊ? यानं दुसरं शेत बघितलंच नाय.

मी म्हटलं, नुसता दगड काय वाचवायचा, मी जमीनच मिळवून देते. मालक झाल्यावर कोण हात लावतो बघू! मात्र यंदा कोंबड्याचा विचारही करायचा नाही. अर्ज करताना बरं दिसत नाही.

मग त्यांना लीज समजावून सांगितली. सगळं ऐकून म्हणाले, सरकारनं माझ्याकडनं घेतली, तुझ्या बापाला भाड्यानं दिली, आन् तू ती परत मागतेस. मंग न्हेली कशाला?

त्यांना मुद्दा कळलेला नाही.

८ मे
महामंडळाच्या ऑफिसात चौकशी केली. आधी सोसायटीचा ठराव आणा म्हणाले. रास्त आहे. सोसायटीच्या ग्रुपवर फ्रीहोल्डवर सविस्तर मेसेज टाकला. शेजारच्या रंभाकाकूंनी लगेच विचारलं, आज पाणी किती वाजता येणार?
ग्रुप जागा झाला, हे महत्त्वाचं.

११ मे, रविवार
गच्चीवर सभा. हजर: मी, बाबा, चाचा. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून डबल ड्यूटी करून आलेले, माझ्या पहिल्याच मुद्द्याला झोपले. चाचा कुवेतहून रिटायर होऊन आलेत. म्हणाले, बेटा, जमिनीची लीज तू बघ, आमची लीज वरच्याच्या हातात. कोरम नाही. ब्लॉकवाला १९ तारखेला येणार, दगड त्याच दिवशी निघणार.

सभा तहकूब झाली म्हणजे विषय फेटाळला असं नव्हे.

१४ मे
घरोघरी फिरले. सही कोणीच केली नाही. रंभाकाकूंनी पन्हं दिलं आणि उरणचं एक स्थळ सुचवलं. म्हणाल्या, तुझ्या अर्जावर नाही, लग्नात साक्षीदार म्हणून सही करीन.
संपर्क वाढतोय.

१७ मे
दाजींचा फोन. मी म्हटलं, काम प्रगतिपथावर आहे. म्हणाले, दगड हाय ना अजून? म्हटलं, आहे. मंग उद्या येतो, म्हणाले. कोंबडा आणू नका, हे मी तीनदा बजावलं. दाजींना फोनवर सोयीपुरतंच ऐकू येतं.

१८ मे, रविवार
दाजी रिक्षातून उतरले. एका हातात कोंबडा. दुसऱ्या हातात दुसरा कोंबडा.

मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. चाचा तरातरा खाली आले, ये क्या तमाशा है म्हणाले, मग जवळ जाऊन एकदम हळू आवाजात विचारलं, गावठी? दाजी म्हणाले, मंग काय राखणदाराला ब्रॉयलर देऊ? चाचा म्हणाले, आमच्या गावात देवीचा कोंबडा आमच्याच घरचे कापतात. आणि बाह्या सरसावल्या.

दुपारपर्यंत सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये. आईने चूल मांडली. रंभाकाकू शाकाहारी, पण नाकाला पदर लावून भाकऱ्या त्यांनीच थापल्या.

माझ्या लक्षात आलं: कोरम! अर्जाच्या कॉप्या घेऊन धावत खाली गेले, खुर्चीवर चढले, फ्रीहोल्डचे फायदे सुरू केले. चाचा म्हणाले, बेटा, पहिले रस्सा.

रस्सा झाल्यावर चाचांनीच हात वर केला: दगड जागेवर राहील, ब्लॉक भोवतीने बसतील, माझी गाडी मी पलीकडे लावीन, राखण दरवर्षी इथेच. सगळ्यांचे हात वर. काहींचे खरकटे. फ्रीहोल्ड वेळेअभावी पुढे ढकलण्यात आलं.

जाताना दाजी हळूच म्हणाले, मिळवलीस गो जमीन.
मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

१९ मे
ब्लॉकवाल्याने दगडाभोवती छान गोल सोडलाय.

अर्जाच्या कॉप्या काल भाकऱ्यांखाली गेल्या. एक उरली, तिच्या मागे पुढच्या वर्षी कोणी काय करायचं ते रंभाकाकूंनी लिहून ठेवलंय. माझ्या नावापुढे: कांदा चिरणे.

नोकरीवाल्या मॅडमचा फोन आला. फॉर्म पुन्हा भरा, समासात निबंध नको, फक्त टिक. भरला. स्वतःचे, यावर टिक मारली.
आता कांदा बारीक चिरायची प्रॅक्टिस. उद्यापासून, सकाळी पाचला.