त्या ऑक्टोबरचं विमानभाडं

४ फेब्रुवारी १९९९

ती. आत्यास, खारीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा काय म्हणतो? तू दोन जिने चढून बँकेत गेलीस हे वाचून बाबा म्हणाले, की ठमी म्हातारी व्हायचं नावच घेत नाही. मी मात्र होत चालले आहे. दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि पहाटे उठून कादंबरी घासायची.

हो, कादंबरी. हसू नकोस. निम्मी झाली आहे आणि एका तिकिटापाशी अडून बसली आहे. तू एकतीस वर्षं प्रवास कंपनीच्या काउंटरवर विमानाची तिकिटं लिहिलीस, म्हणून तुलाच त्रास देते.

गोष्ट बाबांचीच आहे, थोडी फिरवून. परदेशी कारखान्यात राबणारा माणूस. घरून आई आजारी असल्याचं कळतं. तो विमान कंपनीच्या कचेरीत जातो, भाडं ऐकतो आणि माघारी फिरतो. आई जाते, भेट राहते ती राहतेच. आजी गेली तेव्हा तिकीट सात महिन्यांच्या पगाराएवढं होतं, हे मी बाबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले. मला तो आकडा नेमका हवाय. वाचनालयात त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या, शिंकून शिंकून बेजार झाले, पण जाहिरातींत नुसती हसरी हवाई सुंदरी, आणि भाड्यासाठी चौकशी करा म्हणे. आता चौकशी तुझ्याकडेच. ऑक्टोबर १९७२, तिकडून इकडे, जाऊन-येऊन.

बाबा बरे आहेत. गोळ्या घेतात, पण मी समोर उभी राहिले तरच.

लोभ आहेच, तो जरा उत्तर लवकर पाठवण्याच्या कामी आण.

तुझी,
खार


१५ फेब्रुवारी

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

कवळ्या करणारीनं कादंबरी लिहिली तर हसायचं काय? दोन्हीकडे खोट्याला खऱ्यासारखं बसवायचं असतं. बसलं नाही तर टोचतं, एवढं ध्यानात ठेव.

भाड्याचं म्हणशील तर ते एकच एक कधी नसायचं. आमच्याकडे विटेएवढं जाड पुस्तक असे आणि त्याची बदललेली पानं सारखी येत. एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांची भाडी वेगळी असत. पूर्ण भाडं सगळ्यांत महाग. दोन आठवडे ते चार महिने राहून परतणाऱ्याला सवलतीचं तिकीट मिळे, ते जवळजवळ निम्म्यात. मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. त्या ऑक्टोबरात पूर्ण भाडं दादासारख्या कामगाराच्या साडेचार महिन्यांच्या पगाराएवढं होतं. सवलतीचं अडीच. सात कुठून आले ते मला ठाऊक नाही.

पण बाई गं, गोष्टीला आकडा हवाच कशाला? तू आपली वैमानिकांचा संप दाखव. नाहीतर त्या माणसाला बोटीनं आण, म्हणजे उशीर आपोआप होईल. आणि हे दादाला विचारत बसू नकोस. त्याचा रक्तदाब आधीच उड्या मारतो.

गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो. तब्येतीला जप आणि आत्याची आठवण राहू दे.

आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

विचारू नकोस म्हणालीस, पण तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मी विचारून बसले होते. जेवताना सहज म्हटलं, की तुम्ही कचेरीत गेलात तेव्हा काउंटरवरचा माणूस नेमकं काय म्हणाला. बाबांनी हात धुतला, भरल्या ताटावरून उठले आणि आपल्या घरी निघून गेले. दोन दिवसांनी मी गेले तर दारातच म्हणाले, की लिहायचंच असेल तर मी मेल्यावर लिही.

मधल्या दिवशी तुझं पत्र येऊन पडलं होतं. साडेचार आणि अडीच. आत्या, अडीच महिन्यांचा पगार माणूस उसना घेऊ शकतो. बाबांना उसनं देणारे तिकडे चार मित्र होते, त्यांच्या गमती मी शंभरदा ऐकल्या आहेत. आणि तू तर तिकिटांच्या कचेरीतच होतीस. मग तुझ्या हातून काहीच कसं झालं नाही, हा प्रश्न मला आजवर पडला कसा नाही, याचंच नवल वाटतं.

माझी झोप उडाली आहे. काल एका गृहस्थांच्या कवळीला एक दात जास्तीचा बसवला. कादंबरीसाठी विचारत नाही आता. काय झालं होतं?

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिही.

खार


९ मार्च

चि. खारीस आशीर्वाद.

आठ दिवस कागद समोर घेऊन बसत होते. आज लिहिते.

तिकीट पाठवलं होतं. मीच. तेव्हा अशी सोय होती, की भाडं इकडे भरायचं, आमची कचेरी तिकडे संदेश धाडायची, आणि प्रवाशानं तिथल्या काउंटरवरून तयार तिकीट घ्यायचं. मालकांनी मला सवलत दिली, बाकीचं मी भरलं. तीन ऑक्टोबरला संदेश गेला, चारला पोचल्याचं उत्तर आलं. दादाच्या नावाचं तिकीट तिथे पडून होतं. त्याला फक्त हात पुढे करायचा होता.

आई रोज विचारायची, की दादाचं विमान किती वाजता उतरतं. मी सांगायचे, की जागा मिळत नाहीये, सगळी विमानं भरली आहेत. ती म्हणायची, की तू तिथेच कामाला आहेस आणि तुझ्या भावाला एक खुर्ची मिळेना? शेजारणींसमोरही म्हणायची. मी मान खाली घालायचे. त्याच्या न येण्याचा दोष मी अंगावर घेतला, कारण पोरगा तिकीट असून येत नाही हे तिला कसं सांगणार?

सोळा तारखेला ती गेली. पुढच्या महिन्यात तिकीट न वापरता परत आल्याचा कागद माझ्याच टेबलावर आला. मी त्यावर सही केली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

पुढे दादानं सगळ्यांना भाड्याची गोष्ट सांगितली आणि मी ती चालू दिली. एकच भाऊ. त्याला खोटं पाडून मी जाणार कुठे होते? पण सत्तावीस वर्षांत मी त्याच्या घरी दोनदाच राहिले, तेही लग्नकार्यापुरती. त्याचं कारण हे.

हे पत्र त्याला दाखवू नकोस. वाचून फाडून टाक. मला बरं वाटलं की आणखी वाईट वाटलं, ते समजत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

आत्या


२२ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझं पोरीला आलेलं पत्र मी वाचलं. तिनं दाखवलं नाही. तिच्या घरी टेबलावर तुझं अक्षर दिसलं आणि मला राहवलं नाही. चोरून वाचलं, म्हणून तिला काही बोलू नकोस.

तिकीट आल्याचा निरोप मला चार तारखेलाच मिळाला होता. मुकादमानं बजावलं होतं, की रजा मिळेल तीन आठवडे आणि एकदाच. पुन्हा मागितलीस तर जागा गेली समज. पोर दोन वर्षांची होती. त्याआधीच मी तुला पत्रानं विचारलं होतं, की आई किती दिवस काढेल. तुझं उत्तर तिकिटाच्याच आठवड्यात आलं होतं, डॉक्टर दोन महिने म्हणतात असं. ते मी खिशात घेऊन हिंडत होतो. हिशेब केला, की आत्ता गेलो आणि रजा संपेपर्यंत आई तशीच राहिली तर तिला तशीच सोडून यावं लागेल आणि शेवटाला पोचता येणार नाही. नोव्हेंबरच्या मध्याला निघायचं ठरवलं. आईच्या मरणाची तारीख मी धरून चाललो होतो, ठमे. तोंडानं कधी बोललो नाही, आज लिहितो.

आई गेल्याची तार आली त्या दिवशी विमान कंपनीच्या कचेरीत गेलो. का गेलो ते कळत नाही. त्या माणसानं भरलेलं तिकीट माझ्यासमोर ठेवलं आणि अजून चालेल म्हणाला. मी नको म्हटलं. कारखान्यात लोकांनी विचारलं तेव्हा भाडं फार होतं असं तोंडातून गेलं. कुणीतरी म्हणालं किती. मी म्हटलं सात महिन्यांचा पगार. एकदा बोललो ते मागे घेता आलं नाही.

आईनं तुला बोल लावले हे मला ठाऊक नव्हतं. तुझी क्षमा मागायला तोंड नाही.

दादा


१ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता माझं एकदा वाच, आणि वाचताना बसून घे.

डॉक्टर दोन महिने म्हणाले नव्हते. फार तर तीन आठवडे म्हणाले होते. दवाखान्याच्या जिन्यात, मला एकटीला गाठून. घरी येऊन तुला पत्र लिहायला घेतलं आणि हात पुढे सरकेना. कागदावर तीन आठवडे लिहिले तर ते खरे होतील असं वाटलं. दोन महिने लिहिलं आणि जरा श्वास घेता आला. मग स्वतःशीच म्हटलं, की तिकीट धाडते, तिकीट आलं म्हणजे दादा काय ते ओळखेल. तू ओळखलं नाहीस. तू माझ्या शब्दावर विसंबलास.

तो शब्द मी विसरले नव्हते. पण तुझ्यावर रागावलं की तो दिसेनासा व्हायचा, म्हणून राग सोडला नाही. पोरीला लिहिलेल्या पत्रातही मी तेवढंच गाळलं. बघ, किती सफाईनं.

अठरा तारखेला गाडीनं येते आहे. सकाळी दहापर्यंत तुझ्या दाराशी असेन. उघडायचं की नाही ते तू ठरव. मी जिन्यात थोडा वेळ थांबेन.

माझ्याबद्दल मनात काही उरलंच, तर ते असू दे.

ठमी


२५ एप्रिल

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तू त्या दिवशी कामावर होतीस आणि संध्याकाळी दोघांचे चेहरे बघून काही विचारलं नाहीस, हे शहाणपण बापाकडून आलेलं नाही खास. म्हणून सांगते.

दादानं दार उघडलं. ये म्हणाला नाही, पण हातातली पिशवी घेतली. मग उभ्यानंच म्हणाला, की तू खरं लिहिलं असतंस तर मी त्याच संध्याकाळी निघालो असतो. मी हो म्हटलं. तो पुन्हा तेच म्हणाला, मी पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. मग तो आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मी चहा केला, तो निवला. परत जायला निघावं असं वाटू लागलं.

तासाभरानं बाहेर आला आणि त्यानं विचारलं, की आई कशी गेली. खारे, सत्तावीस वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. मी शेवटच्या दिवसापासून उलटं सांगत गेले. खाट खिडकीपाशी कशी ओढली. चमच्यानं पाणी कसं पाजायचे. तिला नखं कापून हवी होती, मी उजव्या हाताची कापली आणि ती झोपली, म्हणून डावा हात उद्यावर ठेवला, तो राहूनच गेला. शेवटी माझी आठवण काढली का, असं त्यानं विचारलं. खोटं अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगितलं, की शेवटचे दोन दिवस ती कुणालाच ओळखत नव्हती. त्यानं मान हलवली. रडला नाही. आपल्या हातांकडे मात्र खूप वेळ बघत राहिला.

तुझ्या पुस्तकाचं त्यानंच काढलं. म्हणाला, काउंटरपाशी जाऊन माघारी फिरला ते खरं आहे, तिला म्हणावं तेवढं राहू दे आणि कारण बदल.

मिटलं असं समजू नकोस. निघताना तो मला पोचवायला स्टेशनवर आला नाही. माझ्याकडे पाठ करून गॅलरीतले कपडे काढत होता. मी चपला घातल्या, तेव्हा तसाच पाठमोरा म्हणाला, की सप्टेंबरचं सगळं सांगायचं राहिलंय, पुढच्या महिन्यात ये.

दोघांवरही नजर ठेव आणि लोभ वाटून दे, कुणाला कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
आत्या