बोटांची खंडेनवमी

आप्पा, काल खंडेनवमी झाली. धोटे, फण्या, कात्र्या पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली आणि माग दिवसभर गप्प राहिले. तसे लढाईपायी सूत मिळेनासं झाल्यापासून ते बरेच दिवस गप्पच असतात. ज्या विसाव्याच्या नावानं तुमच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तो आता सरकारनं घरबसल्या दिलाय. पण मला बोलायचं आहे ते आक्काविषयी. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो राग माझ्या मनातून जात नाही.

आक्का आपल्या नात्यातली नव्हती. शहापुरातल्या एका विणकराची बायको. नवऱ्यानं दुसरी केली तरी माहेरी न जाता ती आपल्याकडं सांधणीला राहिली. मागावरच्या उभ्या धाग्यांचा एक ताणा संपला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पिळून जोडायचा, हे तिचं काम. मागाच्या मागल्या बाजूला पाठ वाकवून बसायची, धागा निसटू नये म्हणून बोटं राखेत बुडवायची, आणि जोड कुठं आहे ते दिसायचंही नाही. सांधणीला आणखी बायका होत्या, पण त्यांचा जोड विणताना सुटे, तिचा सुटत नसे. म्हणून तुम्ही काय केलंत? त्यांना शिकवलं नाहीत, त्यांचं बिघडलेलंही तिच्याच पुढ्यात टाकलंत. जो बैल ओढतो त्यालाच जुंपायचं, हा तुमचा न्याय. कौतुकात मात्र हात कधी आखडला नाही. चारचौघांत म्हणायचात, आक्काच्या बोटांत लक्ष्मी आहे. दिवाळीला तिला भारीतलं लुगडं. ते नेसून कुठं जायला तिला सवड कधी मिळणार, हे तुम्हाला कधी सुचलं नाही.

खंडेनवमीला तर कमालच. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, विणकर पोराबाळांना घेऊन गावभर हिंडायचे. पण दसऱ्याच्या मुहूर्ताला प्रत्येक मागावर नवा ताणा हवा, हा तुमचा हट्ट. त्यावर तुम्हीच पळवाट काढलीत. सांधणीला हत्यार लागतंय कुठं? नुसती बोटं. झालं. लाकडाच्या धोट्याला विसावा आणि आक्का मागाच्या मागं वाकलेली. दरवर्षी हेच.

ती आपल्याकडं होती त्या शेवटच्या वर्षीचं मला अजून दिसतं. तुम्ही सोवळं नेसून पूजेला बसला आहात. आक्का येते, पाटासमोर टेकते आणि दोन्ही हात धोट्यांच्या रांगेत पालथे ठेवते. बोटांची टोकं चिरलेली, भेगांत राख बसलेली.

"आप्पा, ह्यास्नीबी हळदकुंकू लावा," ती म्हणते. "एक दिस ह्येबी ऱ्हाऊंद्यात की पाटावर."

सगळे हसले. तुम्हीही हसलात, तिच्या बोटांना कुंकू लावलंत आणि म्हणालात, आता ऊठ, कडेच्या मागाचा ताणा तेवढा घे. ती उठली. आधी हात धुतले, नाहीतर सुताला डाग पडला असता. तेव्हाही तिला काळजी तुमच्या सुताची होती, आप्पा. तुम्हाला तिची नव्हती.

दसऱ्याला सगळे माग चालले. सोनं वाटून झालं आणि आक्का खानापूरकडं भावाच्या गावी गेली, ती गेलीच. खाल्ल्या मिठाला जागली नाही, असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलात. मग जोड सुटायला लागले, माग अडून राहिले, चांगले विणकर वडगावला दुसऱ्यांच्या मागावर जाऊन बसले. तेव्हा कुठं लुगडं देऊन मला तिला आणायला पाठवलंत. खानापूरला रेल्वेतून उतरून मी चालत गेलो. ती भाताच्या कापणीला लागली होती. कष्ट तिथंही होतेच, पण वाकलेली पाठ ती मनाला येईल तेव्हा सरळ करत होती. मी म्हटलं, आक्का, आप्पांवरचा राग सोड, चल.

"रागानं आले आसते तर परत आले आसते रं," ती म्हणाली. "मी दमून आलीया. आप्पांस्नी सांग, त्येंच्यावर माजा राग न्हाय."

लुगडं तिनं घेतलं नाही. तिचं बोलणं मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं, आणि तुम्ही त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलंत. राग नाही म्हणते म्हणजे येईल, म्हणालात. मरेपर्यंत तिची वाट बघितलीत, पण ती दमली कशानं, हे एकदाही विचारलं नाहीत.

आता आपल्याकडं खंडेनवमीला सांधणीच्या बायकांच्या हातांनाही हळदकुंकू लावतात, आणि मग त्या घरी जातात. दसऱ्याला एखादा माग जुन्याच ताण्यावर सुरू होतो. कुणाचं काही अडत नाही. हे तुमच्या तोंडावर बोलायची छाती आपल्या घरात कुणाचीच नव्हती. आताही लिहितो आहे ते हा कागद कुठं धाडायचा नाही म्हणूनच.

फक्त एक सांगायचं राहिलं. काल एका नव्या सांधणारणीनं पुसलं, ही रीत कुणी घातली? माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आप्पांनी."