भागूचा अर्ज

११ जून १९३३
भागू चौथीची परीक्षा पास! महिला वर्गात पेढे वाटले, म्हणजे मीच वाटले. नवऱ्याने टाकली म्हणून दोन वर्षांपूर्वी मंद्रूपहून मावशीकडे आलेली ही धनगराची पोर. सकाळी विणकराकडे सुताच्या कांड्या भरते, दुपारी आमच्या वर्गात शिकते. शिवण तर माझ्याहून सुबक.

१४ जून
पुण्याला नर्सिंगसाठी एक जागा आहे. वर्गाच्या अध्यक्षीणबाईंनी भागूचं नाव सुचवलं. अर्ज मीच भरला, तिने सही केली. हे गेल्यावर मलाही पुण्याला शिकायला जायचं होतं. आईने तेव्हा... असो. आज फार हलकं वाटतंय.

२० जून
भागूचा थोरला भाऊ मल्हारी आला. खांद्यावर घोंगडी, पायताण हातात, उंबऱ्याबाहेरच उभा.
"भागीला न्यायला आलोय."
म्हटलं, ती पुण्याला जाणार आहे.
"तिला इचारलंसा का?"
उर्मट वाटला. बरंच बोलले मी. भागू मध्ये येऊन म्हणाली, "दादा, चार दिस थांब. सांगते."
चेहरा वाचता आला नाही तिचा.

२१ जून
सगळ्या गेल्यावर भागू मागे राहिली. केरसुणी हातात, पण झाडेना.
"बाई, मला न्हाय जायचं पुण्याला. दुखणाईत माणूस बघितलं की जीव कासावीस होतो माझा."
"मग सही कशाला केलीस?"
"तुमी लई खुशीत होता."
तिच्या हातातली केरसुणी मी काढून घेतली.
मग तिनेच सांगितलं. मंद्रूपच्या बाया शिंप्याला मापाला जुनी चोळी पाठवतात, नवी कधी धड बसत नाही. बाईमाणसाने माप घेतलं तर रांग लागेल. एक मशीन हवं.
भाऊ तिचा पाट लावायचं, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायचं म्हणतोय, हेही सांगितलं. "त्याला बजावलंय, पाट न्हाय. हे कबूल आसंल तरच येते."
कबूल केलं का? "गप बसला."

२३ जून
अध्यक्षीणबाई रागावल्या. "खेड्यात परत धाडायला शिकवतो का आपण?" परवापर्यंत मीही हेच म्हटलं असतं. कपाटातलं जुनं हातमशीन भागूला द्या, म्हटलं. नाही म्हणाल्या. तेवढ्यात वर्गातली नरसम्मा, कधी तोंड न उघडणारी, तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "गंजून जातंय की ते. द्या तिला." बाकीच्या बायकांनीही री ओढली. शेवटी माझ्या जबाबदारीवर, वर्षभरासाठी.
अर्ज फाडताना हात जड झाला. माझा.

२५ जून
भागू गेली. मल्हारीने मशीन घोंगडीत गुंडाळून बैलगाडीत ठेवलं, लेकरासारखं. माझ्याकडे बघितलं नाही. आपण तिला आगीत तर ढकललं नाही ना?

१९ जुलै
भागूचं पत्र. ऱ्हस्वदीर्घाचा आनंद, पण सगळं तिच्या हातचं. चार पोरी शिवण शिकायला येतात. दादा पाटाचं पुन्हा काढतोय. 'त्याच्याशी बोलाया येऊ नगा. नुसतं या.'

२३ जुलै
मंद्रूपला जाऊन आले. ओसरीवर पागोटं घातलेले एक पोक्त गृहस्थ, समोर गूळपाणी. मल्हारी त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होता. मला पाहून उठला, "आत हाय," एवढंच म्हणाला. ते कोण, कुणी सांगितलं नाही; पाटाचीच बोलणी असणार. ओठावर आलेलं सगळं गिळलं मी.
आत भागू एका पोरीच्या दंडाचं माप घेत होती. बाकीच्या भिंतीला टेकून बघत होत्या. बाहेरचं तिलाही ऐकू येत असणारच. मान वर न करता म्हणाली,
"बसा बाई. येवढी बाही होऊ द्या, मग मी भाईर जाऊन काय ते सांगते."
पोरी सरकल्या. मी त्यांच्यात जमिनीवर बसले.