सातवी खुर्ची

२४ जानेवारी

प्रिय रूमी,

आशीर्वाद द्यावेत तर तू माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी, आणि नमस्कार लिहावा तर खवळशील. तेव्हा नुसतंच विचारते, कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? तो जर्मन डॉक्टर सुई टोचायची म्हणत होता, टोचून घेतलीस की पळालीस?

इथे सगळं बरं आहे. डॅन्यूब काठाकाठानं गोठलीय. रविवारी तुझ्या आईच्या घराच्या खिडक्या उघडून आले. ओल नाही कुठे. द्राक्षाचा वेल तेवढा माजलाय, पुढच्या महिन्यात छाटून घ्यायला हवा.

यंदाचा बाबीनदेन घरी झाला नाही. आपल्या संघटनेची कार्यकारिणी दोन दिवस डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या हॉटेलात बसली होती, पुढच्या तीन वर्षांची दिशा ठरवायला. सुईणींच्या सणाला सुईणीच घराबाहेर! पण हॉटेलातल्या बायकांनी सकाळी आम्हाला ओळीनं बसवलं, सणाच्या रीतीप्रमाणे हातांवर पाणी घातलं, प्रत्येकीला साबण आणि टॉवेल दिला. झ्लात्का म्हणाली, "ज्यांची बाळंतपणं केली त्या सगळ्या परदेशी गेल्या, आता परक्या बायकांनी हात धुवायचे." झ्लात्काला तू ओळखतेसच. पंच्याहत्तरीची झाली, पण जिभेची धार तीच.

बैठक चालवायला या वेळी प्लामेन नावाचा सल्लागार आणला होता. गडी हुशार. पहिल्या दिवशी त्यानं आमच्याकडून संघटनेची सगळी कामं चिठ्ठ्यांवर लिहून घेतली. प्रशिक्षण, कायदा, शाळांमधली व्याख्यानं, मासिक, परिषदा... भिंत भरली. मग म्हणाला, "आता यातलं काय सोडायचं ते सांगा."

"सोडायचं?" तेओदोरा म्हणाली. "आम्ही ठरवायला आलोय, सोडायला नाही."

"ठरवणं म्हणजे सोडणंच, बाई. सगळीकडे जाणारी संघटना कुठेच पोचत नाही."

झ्लात्का माझ्या कानाशी आली. "या पोरानं एक बाळंतपण पाहिलं नाही, आणि आपल्याला कळा द्यायला शिकवतोय." पण रूमी, त्याचं खरं होतं. संध्याकाळपर्यंत भिंतीवर दोनच चिठ्ठ्या उरल्या, आणि दोन्ही एकदम पेलतील एवढी माणसं आपल्याकडे नाहीत.

एक तेओदोराची. ही प्लोवदीवची, नव्या पिढीतली, तडफदार. तिची मागणी अशी, की परदेशी गेलेल्या सुईणींना परत आणायचं. संघटनेनं तीन वर्षं बाकी काही करू नये. मंत्रालयाच्या मागे लागावं, त्यांना घर मिळवून द्यावं, नोकरीची हमी द्यावी, एकेकीला भेटून 'परत या' म्हणावं.

दुसरी झ्लात्काची. जिथले प्रसूती विभाग बंद झाले, तिथे सुईणीला स्वतःच्या जबाबदारीवर घरोघर जाता यावं, तेवढ्यासाठी भांडायचं.

मी अध्यक्ष, त्यामुळे गप्प. पण तेओदोरा बोलत होती तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय होतं ते तुला वेगळं सांगायला नको. तू बसमधून उतरतेस, बॅग माझ्या हातात देतेस आणि रस्त्यातच या गावाला शिव्या घालायला लागतेस. मनातल्या मनात मी तेव्हाच हात वर केला होता.

दुसऱ्या दिवशी झ्लात्कानं ग्युल्तेनला बोलायला उभं केलं. ग्युल्तेन पूर्वेकडच्या तुर्की वस्तीतली सुईण. कार्यकारिणीत नाही, सणासाठी म्हणून आली होती. ती सांगू लागली. डिसेंबरात एका पोरीला कळा सुरू झाल्या, सर्वांत जवळचं इस्पितळ डोंगरापलीकडे, आणि घाटात बर्फ. पावाच्या गाडीत, रिकाम्या खोक्यांवर तिनं बाळ काढलं. बाळ जगलं. आई इस्पितळाच्या दारातच दगावली.

"शेवटच्या दोन महिन्यांत तिचा रक्तदाब कुणी तपासलाच नव्हता," ग्युल्तेन म्हणाली. "मी तिच्या गल्लीतच राहते. पण मी गेले असते तर वरचे म्हणाले असते, तुला कुणी सांगितलं?"

तेओदोरा रडायला लागली. पण डोळे पुसून म्हणाली, "म्हणूनच तर म्हणते, माणसं परत हवीत! एकटी ग्युल्तेन किती गल्ल्या बघणार?" तिचंही चूक नव्हतं गं.

हात वर झाले. तीन इकडे, तीन तिकडे.

"माझ्या आयुष्यात असं झालं नाही," झ्लात्का म्हणाली. "म्हणून तर तुझ्याखेरीज सात जण ठेवलेत ना, असं अडू नये म्हणून? नेवेना, सातवी खुर्ची किती वर्षं रिकामी ठेवणार आहेस तू?"

सगळ्यांना ठाऊक आहे ती कुणाची. आपला प्रसूती विभाग बंद झाला आणि तू जर्मनीला गेलीस, तेव्हा मी म्हटलं होतं, रूम्याना वर्षभरात येईल, मग बघू. मग दर वर्षी काही ना काही कारण काढून ती निवडणूक पुढे ढकलली. तुला हे कधी कळवलं नाही. काय कळवणार होते?

मत माझ्यावर आलं. प्लामेन हळूच म्हणाला, "हवं तर जेवणानंतर ठरवा." मी नको म्हटलं.

नाताळात तू फोन केला होतास ते आठवलं मला. तू म्हणालीस, "आमच्याकडे खूप बर्फ पडलाय." मी खिडकीबाहेर पाहिलं, तर आपलं अंगण कोरडं. क्षणभर कळेना, कुठलं आमच्याकडे. मग कळलं. तू तिथल्या पोरींची बाळंतपणं करतेस, शेजारीण तुला सूप आणून देते, हसतेस. आवाजात खंत नव्हती. खंत ऐकू यावी म्हणून मी कान देऊन बसले होते, याची फोन ठेवल्यावर लाज वाटली.

तुला परत आणण्यासाठी मी अख्खी संघटना तीन वर्षं कामाला लावली असती, रूमी. नाव साऱ्या गेलेल्यांचं घेतलं असतं, आणि दारात तुझ्या एकटीचीच वाट पाहिली असती. आणि घाटात पावाच्या गाड्या चालतच राहिल्या असत्या.

मी झ्लात्काच्या बाजूनं हात वर केला.

तेओदोरा माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? मला वाटलं तुम्ही तरी..." "मलाही तसंच वाटलं होतं, पोरी," मी म्हटलं. नंतर जेवताना तिनं माझ्या ताटात चीज भरलेल्या बानित्साचा मोठा तुकडा वाढला. रागावलेली माणसं असं वाढत नाहीत, म्हणजे समजलं असावं तिला. मंत्रालयाशी बोलायची जबाबदारीही तिनंच मागून घेतली.

सातव्या जागेसाठी ग्युल्तेनचं नाव मीच सुचवलं. सगळ्यांनी होकार दिला. ती खुर्चीत बसली तेव्हा मी कागद चाळत राहिले. वर बघवेना.

तर असं ठरलं. संघटना तुला 'परत ये' म्हणणार नाही. इतकी वर्षं मी संघटनेच्याच आडून म्हणत आले. 'विभाग पुन्हा उघडेल', 'तुझ्यासारखी माणसं हवीत', 'तुझी जागा आहे'. विभाग उघडणार नाही. जागाही आता राहिली नाही.

आता आड घ्यायला काही उरलं नाही, म्हणून सरळ लिहिते. मला तुझ्याशिवाय करमत नाही. विभाग बंद झाला तेव्हापासून नव्हे, तू गेलीस तेव्हापासून. राहायला ये म्हणत नाही. कामाला तर मुळीच नाही. ईस्टरला चार दिवस ये, अंडी रंगवू, भांडू, आणि मग खुशाल 'तुमच्याकडे' परत जा. स्टेशनवर सोडायला येईन, रडणार नाही. रडलेच तर तू बघू नकोस.

ही अध्यक्षांची सही नाही,
नुसतीच तुझी,
नेवेना